पाखऱ्याची जागा

ससा उठला की कारवानी कुत्र्याला मालक उरत नाही. हाक मारा, शीळ घाला, नाव घेऊन ओरडा; त्याचं सगळं अंग डोळ्यांत गोळा झालेलं असतं, कानांसाठी काही शिल्लकच नसतं. ‘बस म्हटलं की बसतो, ऊठ म्हटलं की उठतो’ एवढ्यावर ज्यांनी कुत्र्याचं इमान मोजलं, त्यांना हे जनावर बेइमान वाटेल. मी मात्र इमान म्हणजे काय ते याच जनावराकडून शिकलो, आणि त्या बाबतीत आजवर दुसरा गुरू केलेला नाही.

आमची वाडी सांगोल्याच्या पश्चिमेला, सोलापूर जिल्हा संपून सांगली जिल्हा सुरू होतो त्या अंगाला. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगुळं तिथून फार लांब नाही. माण नदी नावाला नदी. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच वाहते म्हणायची. पाऊस पडलाच तर वीस इंच, तोही आपल्या मर्जीनं. बाजरी, हुलगा, मटकी आणि भाग्य उजळलं तर शाळू. बाकी नजर जाईल तिथवर माळ. कुसळी गवत, तरवड, हेकळ, बोरीची खुरटी झुडपं, आणि मधूनच उघडे पडलेले काळे खडक. बाहेरचा माणूस या मुलखाला ओसाड म्हणतो. दोन कारवानी कुत्र्यांच्या मागं ज्यानं हा माळ तुडवला, तो तसं कधी म्हणणार नाही.

ही दोन कुत्री आमच्याकडं आली ती मेंढ्यांच्या पावलांनी. दिवाळीनंतर दक्षिणेकडचा एक धनगर दरवर्षी आमच्या रानात मेंढ्या बसवायचा. खताच्या बदल्यात आबा, म्हणजे माझे आजोबा, त्याला दाणे द्यायचे. त्या वर्षी त्याची कुत्री कडब्याच्या गंजीमागं व्याली. खांडाला पुढं जायचं होतं, आणि एवढी पिल्लं घोड्यावर लादून न्यायची कशी? तेव्हा त्यातली दोन, डोळे नुकते उघडलेली, तो आईच्या पदरात टाकून गेला. एक पिवळसर, वाळक्या गवताच्या रंगाचा. दुसरी काळी, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. पिवळ्याचं नाव पुढं त्याच्या धावण्यावरून पाखऱ्या पडलं. काळीला नाव ठेवायची गरजच भासली नाही. ती काळी म्हणूनच वाढली.

मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. शेळीच्या दुधात बोट बुडवून ते पिल्लांच्या तोंडात द्यायचं काम माझ्याकडं आलं. पुढं ताकात कुस्करलेली भाकरी, कधी अंबील. थंडीत या जातीची फार आबाळ होते. केस आखूड, कातडी पातळ, अंगावर चरबीचा लवलेश नाही. पौष महिन्यात दोघं माझ्या वाकळेत शिरायची, पहाटे मी उघडा आणि ती मधोमध. आई ओरडायची, आणि ओरडता ओरडता अजून एक पटकूर आमच्यावर टाकून जायची.

वयात आलेलं कारवानी कुत्रं पाहिलंय का तुम्ही? डोकं लांबट आणि अरुंद, मान उंच, छाती खोल, पोट मात्र पाठीला भिडलेलं. अंग ताणलेल्या धनुष्यासारखं. बरगड्या मोजून घ्याव्यात. पाहुणे यायचे ते हमखास विचारायचे, “याला खायला घालत नाही का रे?” मला राग यायचा. त्या देहात कमी काहीच नव्हतं. धावण्याला नको होतं तेवढं फक्त गाळलेलं होतं. पूर्ण वेगात हे कुत्रं एका झेपेत दोनदा जमीन सोडतं. एकदा चारी पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, आणि पुन्हा चारी पाय ताणून मोकळे झाले की. कणा वाकतो, सुटतो, वाकतो, सुटतो. लांबून पाहणाऱ्याला पाय दिसतच नाहीत, गवतावरून एक रेघ सरकताना दिसते.

रब्बीची काढणी झाली, शाळूची धसकटंच रानात उरली की आबा पहाटे मला हलवायचे. ऊन चढायच्या आत परतायचं, हा पहिला नेम. ही कुत्री उन्हात धावली तर आतून उकडून जातात. दुसरा नेम चालण्याचा. सुरुवातीला मी हौसेनं पुढं पुढं पळायचो. आबांनी एकदा दंडाला धरून मागं ओढलं.

“कुत्र्याच्या म्होरं चालू नगंस. त्येला तुजी पाठ न्हाई बगायची, रान बगायचंय.”

“आन मी काय बगू, आबा?”

“तू त्येंच्याकडं बग. ती बगत्याली तितं तू बी बग. येईल समजायला.”

आणि खरंच यायला लागलं. थंडीत ससा बांधाच्या उगवतीच्या अंगाला बसतो, वारा पाठीमागं अडतो आणि कोवळं ऊन पोटावर येतं. उन्हं तापली की तो तरवडाच्या बुडाशी सरकतो. नांगरटीत बसला तर ढेकळाहून वेगळा ओळखता येत नाही. कान पाठीशी चिकटवलेले, अंग दाबलेलं, डोळे टक्क उघडे. तो बीळ करत नाही. सगळी भिस्त दडून राहण्यावर, आणि तेही फसलं तर पायांवर. वारा कुठून येतो, गवत कुठं दबलंय, टिटवी एकाएकी का ओरडली, हे सगळं मी त्या दोघांच्या कानांच्या हालचालीवरून शिकलो. शाळेत भूगोल होता. पण आमच्या शिवाराचा भूगोल मला कुत्र्यांनी शिकवला, आणि त्यातलं अजून काही विसरलेलो नाही.

मग तो क्षण यायचा. पाखऱ्याचा पुढचा एक पाय अधांतरी थबकायचा. काळीच्या मानेवरची कातडी एकदा थरथरायची. आणि दहा-पंधरा पावलांवरचं ढेकूळ उडी मारून पळायला लागायचं.

आवाज नाही. ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते. गावठी कुत्रं मांजरामागं लागलं तरी गल्ली डोक्यावर घेतं. ही दोघं एक शब्द न काढता सुटायची. काळी सशाच्या मागं, अगदी शेपटावर. पाखऱ्या मुद्दाम थोडा मागं आणि उजवीकडं, मोकळ्या अंगाला. काळी डावीकडून दाबत न्यायची. ससा जिवाच्या आकांतानं पळतो, पण सरळ पळून निभाव लागणार नाही हे त्याला जन्मानंच माहीत असतं. दात टेकणार असं वाटतं त्याच घटकेला तो जागच्या जागी वळतो. काळी आपल्या वेगानं पुढं फेकली जायची, धुरळा उडायचा. पण ससा वळायचा तो उजवीकडं, आणि उजवीकडं पाखऱ्या असायचा.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आबा म्हणायचे, एका वेताची भावंडं आहेत, पोटातूनच ठरवून आलीत. मला वाटतं, पिल्लं असल्यापासून गंजीभोवती एकमेकांना पकडण्याचा जो खेळ चालायचा, त्यातच ही वाटणी होऊन गेली. ते काही का असेना, मला त्या वयात एवढं कळत होतं की या दोघांमध्ये एक बोलणं चालू आहे, आणि त्याला शब्द लागत नाहीत.

सगळेच ससे सापडायचे असं मुळीच नाही. बहुतेक सुटायचेच. एखादा टेकडीच्या चढाला लागला की संपलं; सशाचे मागचे पाय लांब, चढावर तो कुत्र्याला भारी पडतो. मी हळहळायचो. “सुटला की वो, आबा!” आबा तंबाखू मळत म्हणायचे, “सुटंना का. त्येची बी सकाळ हाय.” सापडलाच, तर पाखऱ्या तो दाबून उभा राहायचा आणि काळी शेजारी धापा टाकत बसायची. आम्ही पोचेपर्यंत दोघांपैकी कुणी तोंड लावायचं नाही. धाप उतरल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, हा आणखी एक नेम होता. मी चामड्याची पिशवी हातात घट्ट धरून बसायचो आणि दोघं माझ्याकडं न बघता, पिशवीकडंही न बघता, माळाकडं बघत राहायची. तहानेलाही मान असतो हे मी तिथं पाहिलं.

पण मला सांगायचं आहे ते धावण्यापेक्षा धावून झाल्यानंतरचं. कितीदा तरी असं व्हायचं की ससा, काळी आणि पाखऱ्या तिघंही टेकाडापलीकडं दिसेनाशी व्हायची. घटका जाते, दोन घटका जातात, काही हालचाल नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी रडकुंडीला आलो आणि त्यांच्या मागं धावत निघालो. आबांनी हाक मारून परत बोलावलं.

“जितनं सुटली तितंच थांब. ती तुला हुडकायला हितंच येणार. तू हलला, तर त्येंनी कुटं यायचं?”

मी थांबलो. ऊन डोक्यावर आलं. आबा बांधाला टेकून डुलकी काढत होते. आणि मग ओढ्याच्या काठानं दोन ठिपके, आपल्याच पावलांचा माग नाकानं धुंडाळत, जिभा लोंबत, पाय ओढत येताना दिसले. दुसरीकडं कुठं गावाची वाट होती, पाणी होतं, सावली होती. तिकडं ती गेली नाहीत. जिथून आम्हाला सोडून गेली, नेमकी तिथं आली. माझ्या गुडघ्याला नाक लावलं आणि तिथंच आडवी झाली.

इमानाचे दोन वाटे असतात हे मला त्या दिवशी समजलं. परत यायचा वाटा कुत्र्याचा. जागेवर थांबायचा वाटा पोराचा. जो थांबत नाही त्यानं कुत्रं आलं नाही म्हणून तक्रार करू नये.

घरी आल्यावर पायांची पाहणी व्हायची. माळावरचे बाभळीचे काटे, बोरीचे आकडे, कुसळं. आबा अंगणात बसून सांगायचे, काढायचो मी. काळी अंग टाकून पडायची, शहाण्या म्हातारीसारखी डोळे मिटून घ्यायची. पाखऱ्याचं तसं नव्हतं. त्याचा पंजा मांडीवर घेतला की तो आधी माझं मनगट जबड्यात धरायचा. पंजाखालची गादी दाबली की काट्याचं काळं टोक वर यायचं. मी बाभळीच्याच दुसऱ्या काट्यानं बाजूची कातडी उकलायचो आणि नखांत टोक धरून ओढायचो. त्या सबंध वेळात मनगटावरचे दात दुखण्याच्या मापानं घट्ट व्हायचे. कळ वाढली की दाब वाढायचा; कातडीत दात रुतायला एक केसभर अंतर राहील एवढाच. सशाची मान मोडणारे तेच दात. काटा निघाला की रक्ताचा थेंब यायचा, मी हळद-तेल लावायचो, आणि जबडा सुटायचा. मनगटावर चार खळगे उरायचे, थोड्या वेळानं तेही भरून यायचे. माणसांत वावरताना, कुणी आपली दुखरी जागा आपल्या हातात दिली की मला तो दाब आठवतो. तो मला सांगत असे: तुझ्यावर विश्वास आहे, पण हात जपून चालव.

फार पुढं, पुण्यात नोकरीला असताना, एका मित्राच्या कपाटात विल्सन रॉल्सची ‘व्हेअर द रेड फर्न ग्रोज’ ही कादंबरी हाती लागली. अमेरिकेतल्या ओझार्क डोंगरातला एक गरीब शेतकऱ्याचा पोरगा, दोन वर्षं पै-पै साठवून शिकारी कुत्र्यांची जोडी विकत घेतो. तीही नर-मादी. ओल्ड डॅन आणि लिटल अ‍ॅन. एका बैठकीत पुस्तक संपवलं आणि त्या रात्री जेवलो नाही. रॉल्स ओक्लाहोमातला, 1913 सालचा. सुतारकाम करत वणवण फिरलेला माणूस. लिहायची ओढ लहानपणापासून होती, पण शिक्षण तुटपुंजं. आपलं व्याकरण कच्चं, शुद्धलेखन वाईट, लोक हसतील, या लाजेनं त्यानं लग्नाआधी आपली सगळी हस्तलिखितं जाळून टाकली. पुढं बायकोला, सोफीला, हे समजलं तेव्हा तिनं त्याला ही गोष्ट पुन्हा लिहायला बसवलं, आणि त्यानं ती आठवणीतून उतरून काढली. 1961 मध्ये पुस्तक आलं. कागद जळले तरी कुत्री जळली नव्हती. ज्याच्या लहानपणात अशी जोडी येऊन गेली आहे, त्याला यात काही नवल वाटणार नाही.

त्या पोराची कुत्री मात्र आमच्याहून अगदी निराळी. ती वासावर शिकार करणारी, आणि शिकार रात्रीची. रॅकून झाडावर चढतो, कुत्री बुंध्याशी उभी राहून गळा काढतात, आणि पोरगा कंदील घेऊन काळोखात त्या आवाजाच्या रोखानं धावतो. त्याची कुत्री त्याला दिसत नाहीत, ऐकू येतात. कोण भुंकतंय, माग ताजा आहे की शिळा, सावज नदी ओलांडून गेलं की झाडावर चढलं, सगळं त्याला आवाजातून समजतं. माझी कुत्री मुकी आणि दिवसाउजेडी. मी त्यांना फक्त पाहिलं. वाचताना पहिल्यांदा मला त्या पोराचा हेवा वाटला. मग वाटलं, नाही. डोंगर आणि दाट जंगल असेल तिथं कुत्र्याला गळा हवा, उघड्या माळाला डोळे हवेत. मुलूख आपल्याला हवं तसं कुत्रं घडवतो, आणि कुत्रं पोराला.

त्या गोष्टीत जोडीतलं एक मरतं तेव्हा दुसरी अन्न सोडते आणि त्याच्या मागोमाग जाते. आमच्याकडं तसं घडलं नाही. जे घडलं ते सांगतो.

1972. हे साल माणदेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पाऊस त्याच्या आधीपासूनच रुसलेला होता, त्या वर्षी त्यानं पाठच फिरवली. जनावरं बाजारात मातीमोलानं गेली. वाडीतली सगळी कर्ती माणसं दुष्काळी कामावर, खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या मातीवर. खायला अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. मिलोची भाकरी थापता थापता फुटायची आणि गिळताना घशात अडायची. कुत्र्यांनाही तीच. पाखऱ्यानं पहिल्या दिवशी ती हुंगून बाजूला ठेवली, दुसऱ्या दिवशी खाल्ली. त्या दिवसांत घरात ससा येणं म्हणजे सण होता, म्हणून कामाला जायच्या आधी आबा आणि मी माळावर जात होतो. ससेही हाडकुळे झाले होते. कुत्रीही. आम्हीही.

दुष्काळात सगळ्यांनी विहिरी खोल करायला घेतल्या होत्या. आमच्या शिवेवरच्या एका विहिरीचा काठ गाळ आणि मुरूम वर काढण्यासाठी मोकळा केलेला होता. आत थेंब नव्हता, नुसता खडक. ससा त्या बाजूला पळाला. काळी मागं, डावीकडून दाबत. पाखऱ्या उजवीकडं. विहिरीच्या काठाशी ससा वळला, नेहमीसारखा उजवीकडं, आणि पाखऱ्या नेहमीसारखा आपल्या जागी होता. त्याचे डोळे सशावर होते. मातीच्या ढिगावरून त्यानं झेप घेतली. ढिगापलीकडं जमीन नव्हती.

आबा नाड्याला धरून स्वतः खाली उतरले. वर आले तेव्हा पाखऱ्या त्यांच्या खांद्यावर होता, मान एका बाजूला. आबा काही बोलले नाहीत. त्यांना मी त्याआधी आणि त्यानंतरही रडताना पाहिलं नाही. त्या दिवशी पाहिलं. बांधावरच्या बोरीखाली खड्डा घेतला. जमीन एवढी तापून घट्ट झाली होती की पहारीच्या ठिणग्या उडत होत्या.

काळी त्या रात्री घरी आली नाही. मी विहिरीवर गेलो, ती तिथं काठावर होती. बोरीखालच्या मातीकडं तिनं पाहिलंही नाही. तिच्या लेखी पाखऱ्या विहिरीजवळ सुटला होता, तेव्हा परत येणार तो तिथंच. आबांनी मला जे शिकवलं ते ती जन्मतःच जाणत होती. मी तिच्याजवळ बसलो. सकाळी तिला उचलून आणावं लागलं. दोन-तीन दिवसांनी तिनं ताक प्यायलं, मग भाकरी खाल्ली. जगली. त्यानंतर चांगली काही वर्षं जगली.

पाऊस परत आला, शाळू परत आला, आणि एका माघातल्या पहाटे आबांनी पुन्हा मला हलवलं. काळी उत्साहानं निघाली. ससा उठला, काळी सुटली. मी पाहत होतो. तिनं त्याला डावीकडून दाबत नेलं, नेहमीसारखं, अचूक. तो वळला. उजवीकडं. तिथं कुणी नव्हतं. ससा निघून गेला आणि काळी थांबून त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली.

तिला एकटीनं धरायचं असतं तर ती धावण्याची रीत बदलू शकली असती. तेवढी ती हुशार होती, वेगही होता. आम्ही तिला पुढंही माळावर नेलं, आणि ती दर खेपेला डावीकडूनच दाबत राहिली, ससा उजवीकडंच जात राहिला. आबा एकदा म्हणाले, “तिला ससा नगो हाय आता. ती त्येची जागा राखतीया.” त्यानंतर आम्ही शिकारीला म्हणून गेलो नाही. फिरायला जायचो. ती धावायची आणि आम्ही पाहायचो. आमच्या घरातली शिकार अशी एका कुत्रीनं बंद केली. त्याच 1972 साली दिल्लीत वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला होता, हे मला फार उशिरा समजलं. कायदा योग्य आहे. माझ्या लहानपणी उठायचे तेवढे ससे आता त्या माळावर नाहीत, गवतही नाही. ती शिकार परत यावी असं मला कधीही वाटलेलं नाही. जोडीचं ते धावणं मात्र परत पाहायला मिळावं असं रोज वाटतं.

कर्नाटकात, मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावी एक दगड सापडला. आता तो बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. इसवी सनाच्या 949-50 मधला, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला. तक्कोलमला चोळांशी झालेल्या लढाईची हकीकत त्यावर कोरलेली आहे. त्या लढाईत मनलेर नावाच्या योद्ध्यानं पराक्रम केला, आणि गंग राजा बुतुग यानं प्रसन्न होऊन हवं ते माग म्हटलं, तेव्हा त्यानं राजाचं शिकारी कुत्रं मागून घेतलं. गाव नाही, सोनं नाही. पुढं ते कुत्रं एका भल्यामोठ्या रानडुकराशी झुंजलं आणि दोघंही मेली. मनलेरानं देवळापाशी त्याच्या नावानं दगड उभा केला, दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. दगडावर डुक्कर आणि कुत्रं झुंजताना कोरलेलं आहे. त्या कुत्र्याचं नाव काळी. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. साम्राज्याच्या लढाईशेजारी एका कुत्र्याला जागा देणारा तो योद्धा मला हजार वर्षांपलीकडून ओळखीचा वाटला.

आमच्याकडं दगड कोरायची ऐपत नव्हती, पण रीत होती. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की एक वाटा कुत्र्यांचा निघतो. आई तो काळीपुढं ठेवायची आणि दुसरा बोरीखाली ठेवून यायची. आई होती तोवर हे चालू होतं. आता मी करतो.

कारवानी कुत्र्यांना अलीकडं बरे दिवस आलेत असं म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी बेरडांच्या वाड्यावस्त्यांवरची ही जात हेरून जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. 2005 मध्ये टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्र आहे, आणि 2016 मध्ये तिथली पिल्लं मेरठला लष्कराच्या श्वानपथकात गेली. हे सगळं वाचून माझी छाती भरून येते. पण त्याच बरोबर शहरातल्या सदनिकांच्या गॅलरीत, साखळीला बांधलेली, नखं वाढलेली, डोळे विझलेली कारवानी कुत्रीही मला दिसायला लागली आहेत. मालक प्रेमळ असतात. महागडं खाणं घालतात, थंडीत स्वेटर घालतात. विचारलं तर कौतुकानं सांगतात की हा अजिबात भुंकत नाही. त्याचं ते मौन कशासाठी आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून हे सांगतो आहे. घरात मूल असेल आणि त्याच्यासाठी कारवानी आणायचं मनात असेल तर आधी धावायला जागा पाहा. चांगलं एक-दोन एकर, भोवती कुंपण असलेलं, उघडी विहीर नसलेलं. त्याला मोकळ्या माळावर सोडू नका. तिथं जे ससे, हरणं, टिटव्या आणि माळढोक उरलेत त्यांचा जीव तुमच्या हौसेहून मोठा आहे. दोरीच्या टोकाला रिकामं पोतं बांधून ओढा, तो त्याच्यामागंही जीव तोडून धावेल. त्याला धावणं हवं आहे, रक्त नव्हे. शक्य असलं तर जोडी पाळा. पोराला रोज सकाळी त्याच्याबरोबर पाठवा, आणि कुत्र्याच्या मागं चालायला शिकवा. एवढं जमणार नसेल तर कारवानी घेऊ नका. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बसलेलं एखादं गावठी पिल्लू घरात घ्या. त्याला माळ लागत नाही, आणि जीव लावण्यात ते कशातही कमी पडत नाही.